विंचवाशी मैत्री नको, ओळख हवी!

'टॉर्च बंद करा सगळ्यांनी. मोबाइलसुद्धा!' झूलॉजीच्या मॅडम म्हणाल्या आणि माळावर मिट्ट काळोख झाला. पुण्यापासून तासाभरावरचं एक गाव, मे महिन्याची रात्र, आम्ही सेकंड इयरचे बारा जण आणि समोर शेताचा जुना दगडी बांध. मॅडमच्या हातात जांभळट उजेडाचा छोटासा यूव्ही टॉर्च होता. त्यांनी तो बांधावरून सावकाश फिरवला. एका कपारीत काहीतरी हिरवट-निळं पेटलं. रेडियमच्या स्टिकरसारखं. मग दुसरं. मग बांधाच्या पायथ्याशी तिसरं, आणि ते चक्क चालायला लागलं.

'अरे, विंचू!' कुणीतरी ओरडलं. पाच मिनिटांपूर्वी आम्ही त्याच बांधावर बसून वेफर्स खात होतो!

मग काय, सगळ्यांचे फोन बाहेर. रील, फोटो, 'वॉव', 'भारी'. फक्त माझी रूममेट मागे सरकून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. ती महाडजवळच्या एका गावातली. मी तिला म्हटलं, 'अगं, ये ना, लांबूनच बघ.' ती म्हणाली, 'तू बघ. माझा मोठा काका पाच वर्षांचा असताना याच्यामुळेच गेला. आजी अजून घरात त्याचं नाव घेत नाही, विंचू म्हणत नाही, नुसतं 'तो' म्हणते.'

त्या रात्री एकच प्राणी आम्हाला दोन वेगवेगळ्या रूपांत दिसला. मला दिव्यासारखा, तिला काळासारखा. परत आल्यावर आम्ही दोघींनी ठरवलं, याच्याबद्दल जेवढं कळेल तेवढं समजून घ्यायचं. हा लेख त्यातूनच झालाय.

डायनासोरच्या आधीपासूनचा

विंचू हा कीटक नाही. कीटकांना सहा पाय, विंचवाला आठ. तो कोळी आणि गोचीड यांच्या खानदानातला. खेकडे, झुरळं, गोम, फुलपाखरं, डास या सगळ्यांसकट त्याचं मोठं कुळ म्हणजे संधिपाद, सांधे असलेल्या पायांचे प्राणी. आजवर माहीत झालेल्या प्राण्यांच्या जातींपैकी पाचातल्या चार या एकाच कुळातल्या आहेत. यांची हाडं आत नसतात, बाहेर कवच असतं. कवच वाढत नाही, त्यामुळे मोठं व्हायचं तर जुनं कवच फोडून बाहेर यावं लागतं. विंचूही वयात येईपर्यंत अशी कात अनेक वेळा टाकतो.

विंचवांचे सगळ्यात जुने जीवाश्म सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. डायनासोर आले त्याच्या कितीतरी आधी हे साहेब हजर होते, आणि डायनासोर गेल्यावरही आहेतच. टिकून राहण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. अंगातली चयापचयाची गती इतकी मंद, की एकदा पोट भरलं की अनेक महिने खाल्लं नाही तरी चालतं. दिवसा दगडाखाली, सालीखाली, भिंतीच्या भेगेत, रात्री शिकारीला. डोक्यावर आणि कडेला मिळून डोळ्यांच्या अनेक जोड्या असतात, पण भरवसा नजरेवर कमी. चिमट्यांवरचे बारीक केस हवेची हालचाल टिपतात, आणि जमिनीतली थरथर पायांना कळते. झुरळ जवळून गेलं की विंचवाला ते 'ऐकू' येतं ते पायांतून. पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात, ते जमिनीचा वास आणि पोत चाचपतात. असे कंगवे दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला नाहीत.

आणि तो उजेड? विंचवाच्या कवचात अशी काही रसायनं असतात, जी अतिनील प्रकाश शोषून निळा-हिरवा प्रकाश बाहेर टाकतात. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही. कवच कडक होत जातं तशी चमक येते. या चमकण्याचा विंचवाला नेमका काय उपयोग, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आपल्याला मात्र उपयोग आहेच. अंधारात तो कुठे आहे हे कळतं.

म्हण खरी, पण अर्थ वेगळा

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' असं आपण सारखी घरं बदलणाऱ्या माणसाला म्हणतो. गंमत म्हणजे विंचवाच्या मादीच्या पाठीवर खरोखरच बिऱ्हाड असतं, पण ते सामानाचं नाही, लेकरांचं! विंचू अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. पांढरट, मऊ, तांदळाच्या दाण्यासारखी पिल्लं जन्मली की आईच्या पायांवरून चढून पाठीवर जाऊन बसतात. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दोन आठवडे, ती तिथेच. नंतर एकेक करून उतरतात आणि आपापल्या वाटेनं जातात.

'पिल्लं आईला पोखरून खातात' ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गावाकडे ऐकली असेल. ती खरी नाही. पाठीवर असताना पिल्लं काहीच खात नाहीत, जन्मतःच अंगात असलेल्या साठ्यावर जगतात. उलट पाठीवरून वेळेत उतरली नाहीत किंवा आई फारच उपाशी असेल, तर धोका पिल्लांनाच असतो.

लग्नाची तऱ्हाही बघण्यासारखी. नर मादीचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरतो आणि दोघं मागे-पुढे, मागे-पुढे चालत राहतात. लांबून नाचच वाटतो. खरं तर नर सपाट, पक्की जागा शोधत असतो.

काळी इंगळी की लाल विंचू?

जगात विंचवाच्या अडीच हजारांहून जास्त जाती आहेत, भारतात शंभराहून अधिक. त्यांतल्या माणसाचा जीव घेऊ शकतील अशा जगभरात मोजक्या काही डझनच. दुर्दैवानं त्यांतली एक आपल्या घराजवळ राहते. तिचं शास्त्रीय नाव 'हॉटेन्टोटा टॅम्युलस', आपला लाल विंचू. भारताबरोबरच शेजारच्या देशांतही तो सापडतो. महाराष्ट्रात कोकणातली जांभ्याची जमीन, दगडी गडगे, पेंढ्याच्या उडव्या, गोवऱ्या, लाकडांचे ढीग या त्याच्या आवडत्या जागा.

इथे आपली नजर फसते. जाडजूड चिमट्यांची, हातभर वाटावी अशी काळी इंगळी दिसली की आपली बोबडी वळते. तिचा डंख दुखतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. लाल विंचू मात्र जेमतेम बोटाएवढा, तांबूस-पिवळा, अंगानं किरकोळ. म्हणून त्याला कुणी मनावर घेत नाही. ढोबळ ओळख अशी: चिमटे जाड आणि शेपूट बारीक असेल तर तो शिकार चिमट्यांनी दाबून मारतो, चिमटे नाजूक आणि शेपूट जाड असेल तर त्याची सगळी भिस्त विषावर. लाल विंचू दुसऱ्या प्रकारातला. अर्थात ही ओळख लांबून करायची. डंख झालाच असेल तर 'कुठला होता' याचा निकाल लावत बसायचं नाही.

आणखी एक. आपण 'विंचू चावला' म्हणतो खरं, पण तो चावत नाही. शेपटीच्या टोकाला विषाची पिशवी आणि तिला बाकदार काटा, तीच नांगी. ती तो आपल्यावर शौक म्हणून मारत नाही. पाय पडला, हात लागला, अंथरुणात दाबला गेला की मारतो.

नांगीतलं वादळ

लाल विंचवाचं विष शरीरात नेमकं काय करतं? आपल्या नसांच्या पेशींना आयनांची ये-जा करायला बारीक दारं असतात. हे विष सोडियमची दारं उघडी ठेवतं आणि पोटॅशियमची काही दारं अडवतं. परिणाम असा, की नसा थांबायचं नावच घेत नाहीत. शरीरात ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिनचा पूर येतो. दरदरून घाम, उलट्या, तोंडातून लाळ, मग हातपाय गार पडणं, रक्तदाब चढणं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावं लागतं. पाण्याचा पंप चालू ठेवून पाइपवर पाय देऊन उभं राहिलं तर पंपाचं काय होईल? तसंच. हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

एकनाथ महाराजांच्या विंचवाच्या भारुडात काम-क्रोधाच्या डंखानं अंगाला घाम सुटतो. शाळेत ते आपण अध्यात्म म्हणून शिकलो. पण विंचू आणि घाम ही जोडी लोकांना चारशे वर्षांपूर्वीही नीट माहीत होती, हे आता जाणवतं. माहीत नव्हता तो इलाज.

तो इलाज सापडला आपल्याकडेच, महाड परिसरात. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. गरिबीतून नागपूरला एमबीबीएस केलं आणि १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेली तरणीताठी माणसं आणि लहान पोरं डोळ्यांसमोर जात होती. नेमकं कशानं जातात, यावर पुस्तकांत फारसं काही सापडत नव्हतं. मग त्यांनी साधी पण कठीण गोष्ट केली. पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसायचं, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, जे दिसेल ते लिहून काढायचं. माणसं हृदय थकून आणि फुप्फुसात पाणी भरून दगावताहेत, हे त्यातून समोर आलं. १९८२ साली त्यांची ही निरीक्षणं 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. खेड्यातल्या दवाखान्यातून!

पुढचा प्रश्न होता, आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या कशा करायच्या. आधी त्यांनी नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरलं. ते लागू पडायचं, पण ते शिरेतून थेंबाथेंबानं द्यावं लागतं आणि पेशंटवरची नजर क्षणभरही हलवता येत नाही. गावोगावच्या दवाखान्यांत हे जमणार कसं? मग त्यांचं लक्ष गेलं प्राझोसिनकडे. रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेली, तोंडानं घ्यायची स्वस्त गोळी. विष जी यंत्रणा पेटवतं, तिचाच एक दुवा ही गोळी तोडते. १९८६ साली हे कामही 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्याआधी गंभीर डंखाच्या पेशंटपैकी ३० ते ४० टक्के दगावत. या गोळीनंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीनं होत्या. मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावरची प्रतिलसही तयार होते. २०११ साली या दोघांनी ७० पेशंटवर केलेला अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. नुसत्या प्राझोसिनवर पेशंट पूर्ण बरे व्हायला सरासरी १८ तासांच्या आसपास लागत होते, प्रतिलस जोडीला दिल्यावर ८ तास. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. त्यांचं आत्मचरित्र 'बॅरिस्टरचं कार्टं' वाचलं नसेल तर लायब्ररीतून आणाच.

हे सगळं वाचून झाल्यावर रूममेट बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'काकाला चावला तेव्हा ही गोळी असती तर?' तिचा काका गेला तो प्राझोसिनच्या आधीचा काळ. आजीनं त्याला मांत्रिकाकडे नेलं होतं, सकाळी दवाखान्यात. 'आजी अजून म्हणते, मीच उशीर केला. आता तिला सांगू शकते, की तेव्हा लवकर नेलं असतं तरी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं.'

पण आज आहे. म्हणूनच आज उशीर परवडत नाही.

मग मारून टाकायचे का सगळे?

हा प्रश्न आमच्या ग्रुपमध्येही आला. उत्तर 'नाही' का, तेही बघू. झुरळं, रातकिडे, वाळवी, कोळी हे विंचवाचं जेवण. पाली, सरडे, घुबडं, मुंगसं, कोंबड्या यांचं जेवण म्हणजे विंचू. साखळीतली मधली कडी काढली की दोन्ही बाजू ढिल्या पडतात.

आणि त्याच विषात औषधाचाही रस्ता आहे. लाल विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं 'आयबेरिओटॉक्सिन' पोटॅशियमचं एक ठरावीक दार तेवढं बंद करतं. त्यामुळे रक्तवाहिन्या आणि नसा कशा चालतात हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या एका विंचवाच्या विषात सापडलेलं 'क्लोरोटॉक्सिन' मेंदूच्या काही गाठींच्या पेशींना चिकटतं. त्याला चमकणारा रंग जोडून शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ कुठे संपते हे सर्जनला दिसावं, असे प्रयोग पेशंटवर झाले आहेत. ज्याला आपण चपलेनं चिरडतो, त्याच्या नांगीत एवढं काही दडलंय.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. जगभरात वर्षाला १२ लाख लोकांना विंचू डंख करतो आणि ३ हजारांहून जास्त माणसं मरतात, असा अंदाज २००८ साली प्रसिद्ध झाला होता. मरणाऱ्यांत मुलं जास्त, कारण विष तेवढंच आणि शरीर लहान. त्यामुळे 'किती क्यूट' म्हणून हातावर घेऊन रील करणं हाही वेडेपणाच. मैत्री नको, ओळख हवी.

हे लक्षात ठेवा

डंख झाला तर:

- माणसाला शांत करा, आडवं झोपवा, डंख झालेला हात-पाय हलवू देऊ नका. जागा साबण-पाण्यानं धुवा, गार पट्टी ठेवा.
- लगेच जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. मूल असेल तर 'थोडं थांबून बघू' अजिबात नको.
- घाम, उलटी, लाळ, गार हातपाय, धाप यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुखणं कमी आहे म्हणजे धोका कमी, असं मुळीच नाही.
- चिरा देणं, विष चोखणं, घट्ट दोरी बांधणं, मांत्रिक, सगळं बंद. यात जातो तो फक्त वेळ.
- प्राझोसिनची गोळी घरच्या घरी देऊ नका. तिनं रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. ती डॉक्टरांच्या नजरेखालीच.

डंख होऊ नये म्हणून:

- बूट, चपला, हेल्मेट, वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय घालू नका. ट्रेकला टेंटबाहेर ठेवलेल्या बुटांना तर हा नियम शंभर टक्के.
- अंथरूण घालण्याआधी झटका, शक्यतो खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.
- अंधारात अनवाणी नको. सरपण, विटा, पेंढा उचलताना आधी काठीनं हलवा.
- लाकडं आणि दगडांचे ढीग घराच्या भिंतीला टेकून ठेवू नका. भिंतीतल्या भेगा बुजवा.
- माळावर दगड उलटवलाच, तर होता तसा परत ठेवा. ते कुणाचं तरी घर आहे.

आजी आणि टॉर्च

परीक्षा संपल्यावर मी रूममेटच्या गावी गेले. सोबत तीनशे रुपयांचा यूव्ही टॉर्च होता. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही अंगणात निघालो. आजी ओटीवर बसली होती. म्हणाली, 'बाय, काय शोधताव काळोखात?' रूममेटनं एक क्षण माझ्याकडं बघितलं आणि सांगून टाकलं, 'आजी, विंचू.'

आजी काही बोलली नाही. आम्ही न्हाणीघराच्या मागे लाकडांच्या माचीवर उजेड टाकला. भिंतीला लागून रचलेल्या त्या ढिगात तीन ठिपके पेटले. त्यांतला एक बारीक चिमट्यांचा होता. बाबांना हाक मारली. त्यांनी लांब चिमट्यानं तो पकडून बरणीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघांनी मिळून, हातमोजे घालून, अख्खी माची भिंतीपासून उचलून अंगणाच्या टोकाला नेली आणि न्हाणीघराच्या भेगा सिमेंटनं भरल्या. बरणीतल्याला बाबा गावाबाहेर लांब कातळावर सोडून आले. 'मारला का नाय?' असं शेजारच्यांनी विचारलं, तेव्हा बाबांना उत्तर देता येईना. ते नुसते हसले.

निघायच्या आदल्या रात्री आजीनं स्वतःच टॉर्च मागितला. कसा लावायचा ते विचारून घेतलं. मग काठी टेकत न्हाणीघराकडं गेली, भिंतीवरून, कोपऱ्यातून, उंबऱ्यावरून उजेड फिरवला. काही चमकलं नाही. परत येऊन ओटीवर बसली आणि टॉर्च पदराला पुसत म्हणाली, 'ह्यो हिकडंच ठेवा. पोरं येतात सुटीला. विंचू दिसलेला बरा.'

तिनं नाव घेतलं हे आमच्या लक्षात आलं. आम्ही काही बोललो नाही. टॉर्च तिथंच ठेवून आलो.